पेय पातळ, बैठक दाट

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रदेश आहे. तेथील उन्हाळ्यात आपल्या भुसावळकराला अगदी माहेरी आल्यासारखे वाटावे! १४ ऑगस्ट २०२१ रोजी कोर्दोबा जिल्ह्यातल्या ला रांब्ला या गावी पारा ४७.६ अंशांवर जाऊन टेकला होता. भर दुपारी रस्ते ओस पडतात, खिडक्यांच्या झडपा बंद होतात आणि गावेच्या गावे डोळे मिटून पडून राहतात. रात्री नऊ-दहाला उन्हाची धग ओसरली की हीच गावे जागी होतात. अंगणांत, गल्लीबोळांत, चौकांत खुर्च्या-टेबले मांडली जातात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारा गोतावळा जमतो आणि मध्यभागी एक मोठा घामेजलेला जग येऊन बसतो. त्यात तांबडीलाल वाइन असते, तिच्यावर संत्र्या-लिंबांच्या चकत्या तरंगत असतात आणि बर्फाचे खडे काचेवर आपटून किणकिणत असतात.

आता वाचक विचारतील, इतक्या उकाड्यात वाइन? मद्य तर उष्ण! प्रश्न रास्त आहे. स्पॅनिश माणसालाही तो पडला होता, आणि त्याने त्याचे जे उत्तर काढले त्याचीच ही हकीकत आहे. त्याने वाइन सोडली नाही. त्याने ती पातळ केली. कोणी तिच्यात फळांचा रस घातला, कोणी सोडा घातला, कोणी नुसताच बर्फ. पेय पातळ झाले, आणि त्यामुळे बैठक मात्र दाट झाली. कारण जड मद्याचे दोन पेले रिचवले की माणूस तासाभरात एक तर भांडतो नाही तर झोपतो. हलक्या पेयाचे दोन पेले हातात धरून मात्र मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारता येतात.

पाणी घालणे म्हणजे भेसळ नव्हे

दुधात पाणी घालणारा गवळी आपल्याला इतका परिचयाचा आहे की पातळ करणे म्हणजे फसवणूक, असे समीकरण मनात पक्के बसले आहे. प्राचीन भूमध्य जगात मात्र उलट होते. ग्रीक मंडळी वाइन आणि पाणी एका रुंद तोंडाच्या मोठ्या भांड्यात मिसळूनच पंगतीत वाढत. बिनपाण्याची वाइन पिणारा तो रानटी, अशी त्यांची सरळ व्याख्या होती. रोमनांनी हीच रीत उचलली, आणि त्यांची सत्ता स्पेनवर सुमारे सहा शतके होती. शेतीवर प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ लिहिणारा पहिल्या शतकातला कोलुमेला हा मूळचा स्पेनमधल्या कादिसचाच. द्राक्षमळ्यांविषयी त्याने पानेच्या पाने लिहिली आहेत. तेव्हा स्पेनच्या मातीत वाइन जितकी जुनी, तितकीच ती बेताने पातळ करण्याची रीतही जुनी.

पुढे इ. स. ७११ मध्ये मुसलमान सेना समुद्र ओलांडून आल्या आणि द्वीपकल्पाच्या कुठल्या ना कुठल्या भागावर १४९२ पर्यंत मुसलमानी राज्य राहिले. या काळात स्पेनला पूर्वेकडून तीन अमोल देणग्या मिळाल्या: नारिंग, लिंबू आणि ऊस. सेव्हिलच्या रस्त्यांवर आजही आंबट नारिंगांची झाडे दुतर्फा उभी आहेत. गोड संत्रे त्यामानाने बरेच उशिरा आले.

येथे मराठी शिकवणाऱ्या माणसाला थोडे रेंगाळू द्यावे. स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारान्हा’ म्हणतात. हे नाव ऐकून आपल्याला आपला ‘नारिंगी’ रंग आठवला तर तो योगायोग समजू नये. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत गेला, तेथून अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये उतरला. साखरेचेही तेच. आपली ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि अरबी उपपद पाठीशी बांधून स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ म्हणून स्थिरावली. लिंबाला स्पॅनिश माणूस ‘लिमोन’ म्हणतो. म्हणजे त्या जगात वाइन वजा केली, तर उरलेल्या सामग्रीत आपले शब्दच तरंगत असतात.

एवढ्यावरच हे नाते संपत नाही. वाइन किंवा अन्य मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला एकत्र करण्याच्या प्रकाराला इंग्रज ‘पंच’ म्हणतात. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर १६७२ मध्ये इकडे निघाला. तो आपल्या जुन्नरलाही जाऊन आला होता. १६९८ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने गोव्याच्या नेरूळ गावच्या उत्तम मद्याचा उल्लेख केला आहे आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून पाच जिनसांचे एक पेय करतात, म्हणून त्याला इकडच्या भाषेतल्या ‘पाच’ या अर्थाच्या शब्दावरून नाव पडले, असे सांगितले आहे. आपल्या पंचामृताला असा एक उनाड चुलतभाऊ असेल, हे कोणाला वाटले होते! ही व्युत्पत्ती सगळ्याच पंडितांना मान्य नाही. पण फ्रायरने ती नेरूळच्या संदर्भात नोंदवली, एवढे मात्र पक्के.

नावात रक्त, पोटात फळे

आता मुख्य पात्राकडे वळू. त्या जगातल्या तांबड्या पेयाचे नाव सांग्रिया. ‘सांग्रे’ म्हणजे रक्त, आणि ‘सांग्रिया’ या शब्दाचा मूळ अर्थ, आपल्या आयुर्वेदाच्या भाषेत सांगायचे तर, रक्तमोक्षण! न्हावी किंवा वैद्य शीर तोडून रक्त काढीत, ती क्रिया. पेयाला हे नाव चिकटले ते त्याच्या गडद लाल रंगामुळे. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या इंग्रज वसाहतींत याच्याच नात्यातले ‘सँगरी’ हे वाइन, पाणी आणि साखर यांचे पेय लोकप्रिय होते. समुद्रापलीकडे आणि अलीकडे, जेथे ऊन आणि साखर होती तेथे ही कल्पना रुजली.

सांग्रियाची कृती घराघरांत वेगळी. आपल्याकडे आमटी जशी प्रत्येक घरची निराळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटणारी, तसाच हा मामला. तरी तिचा सांगाडा असा:

साधारण ७५० मिलिलिटरची एक बाटली तांबडी वाइन, रसासाठी दोन संत्री आणि चकत्यांसाठी आणखी एक, एक लिंबू, एक पिकलेले पीच आणि अर्धे सफरचंद, दोन मोठे चमचे साखर, दालचिनीचा बोटभर तुकडा, पाव लिटर सोडा, आणि बर्फ.

प्रथम साखर संत्र्याच्या रसात ढवळून पूर्ण विरघळवावी, कारण थंड वाइनमध्ये साखर लवकर विरघळत नाही. ती तळाशी बसते आणि शेवटचा पेला पाकासारखा लागतो. मग फळांचे तुकडे, लिंबाच्या चकत्या आणि दालचिनी घालावी. संत्र्याची साल वापरायची तर तिच्याखालचा पांढरा भाग काढून टाकावा, नाही तर मुरताना तो कडवट उतरतो. वर वाइन ओतून सारे मिश्रण तीन-चार तास थंड जागी मुरू द्यावे. लोणच्याप्रमाणे यातही खरे काम मुरण्याचेच आहे. फळे वाइन पितात आणि वाइन फळे पिते. सोडा आणि बर्फ मात्र अगदी वाढण्याच्या क्षणी घालायचा. सोडा आधी घातला तर त्याचा वायू उडून जातो आणि बर्फ आधी घातला तर पेय नुसतेच पाणचट होते. बर्फाचे खडे मोठे असावेत, म्हणजे ते सावकाश वितळतात.

वाइन कोणती घ्यावी? येथे पुष्कळांची चूक होते. सणासुदीचे पेय म्हणून ते महाग, जुनी, ओकच्या पिंपात मुरलेली वाइन आणतात. स्पॅनिश गृहिणी असे कधी करणार नाही. पिंपातल्या मुरण्याने आलेला तुरटपणा थंडपणामुळे अधिकच टोचतो, आणि त्या वाइनची सूक्ष्म चव संत्र्याखाली दबून जाते. म्हणजे पैसेही गेले आणि चवही गेली. सांग्रियाला हवी ती ‘होवेन’, म्हणजे तरुण वाइन: पिंपाचे तोंड न पाहिलेली, फळांच्या वासाची, स्वस्त. तेंप्रानियो किंवा गार्नाचा या द्राक्षांची असली तर उत्तम. ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर; हे द्राक्ष इतरांआधी पिकते म्हणून त्याचे नाव तेंप्रानियो. मात्र स्वस्त म्हणजे बिघडलेली नव्हे. आंबलेली वाइन साखरेखाली झाकता येईल, हा समज व्यर्थ आहे.

साखरेविषयी आणखी एक बारकावा. जीभ गार पडली की तिला गोडी कमी जाणवते. म्हणून मुरताना चाखून ‘बरोबर’ वाटलेले मिश्रण बर्फ घातल्यावर थोडे कमी गोड लागते. ते तसेच लागू द्यावे. गोडी वाढवण्याच्या मोहात पडू नये. का ते आता सांगतो.

थोडे गणित

हलके, गोड, थंड पेय घशाखाली सहज उतरते, आणि त्यातच त्याचा धोका आहे. म्हणून यजमानाने गणित मनाशी करून ठेवावे. १३ टक्के मद्यार्काच्या ७५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे ९७ मिलिलिटर निव्वळ मद्यार्क असतो. त्यात १५० मिलिलिटर रस आणि पाव लिटर सोडा मिसळला की १,१५० मिलिलिटर सांग्रिया होते, आणि मद्यार्काचे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. १५० मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर पोटात जाते ती सुमारे १०० मिलिलिटर वाइन. ती लागते सरबतासारखी, पण सरबत नव्हे.

काही जण जगात ब्रँडीही ओततात. साठ मिलिलिटर ब्रँडी घातली की हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे पातळ करण्यासाठी जी खटपट केली ती एका ओतण्यात पाण्यात गेली! ब्रँडीवाल्या सांग्रियाचेही स्पेनमध्ये भक्त आहेत, पण उन्हाळ्याच्या रात्री ब्रँडीची बाटली कपाटातच शोभते. शिवाय मद्याने तहान भागत नाही. उलट त्याने लघवी वाढून शरीरातले पाणी कमी होते. म्हणून जाणत्या घरी सांग्रियाच्या जगाशेजारी साध्या गार पाण्याचा दुसरा जग असतोच, आणि त्याच्याबरोबर ऑलिव्ह, पाव, बटाट्याचे ऑम्लेट असे काही ना काही खायला. रिकाम्या पोटी हे पेय देणे तेथे अगत्याचे लक्षण मानीत नाहीत.

स्पॅनिश माणूस स्वतः काय पितो?

एक मजेची गोष्ट. स्पेनला गेलेला प्रवासी उपाहारगृहात बसतो आणि हौसेने सांग्रिया मागवतो. शेजारच्या टेबलावरचा स्थानिक माणूस त्याच रंगाचे काहीतरी पीत असतो, पण ते सांग्रिया नसते. ते असते ‘तिंतो दे वेरानो’. शब्दशः अर्थ ‘उन्हाळ्यातली तांबडी’. याची कृती लिहायला एक ओळ पुरते: अर्धी तांबडी वाइन, अर्धा ‘गासेओसा’ नावाचा किंचित गोड सोडा, भरपूर बर्फ, लिंबाची एक चकती. मुरवणे नाही, चिरणे नाही. सोडा मिळाला नाही तर लिंबाचे फसफसते सरबत चालते. मद्यार्क सरळ निम्म्यावर, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतो.

या पेयाचे जनकत्व कोर्दोबाच्या फेदेरिको वार्गास या खानावळवाल्याकडे देतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या खानावळीत गाणेबजावणे होई, गर्दी उसळे, आणि गिऱ्हाइकांचा घसा ओला ठेवण्यासाठी तो वाइनमध्ये सोडा मिसळून देई. लोक त्या पेयाला नुसते ‘एक वार्गास’ म्हणू लागले. पुढे माणसाचे नाव मागे पडले आणि उन्हाळ्याचे नाव राहिले. १९४९ मध्ये ‘ला कासेरा’ या नावाचा गासेओसा माद्रिदमध्ये निघाला, त्याची बाटली मध्यमवर्गीय घरांच्या जेवणाच्या टेबलावर जाऊन बसली, आणि उन्हाळ्यातली तांबडी घरोघरची झाली.

सांग्रिया आणि तिंतो यांतला भेद आपल्या परिभाषेत सांगायचा तर पुरणपोळी आणि गूळपोळी यांतला नव्हे, श्रीखंड आणि ताक यांतला आहे. सांग्रिया चार माणसे यायची असली की सकाळपासून योजून करायची, आणि तिंतो कोणी अवचित आले की उभ्या उभ्या करायचे.

कंदिलांखालचे पेय

सेव्हिलला वसंतात एक मोठी जत्रा भरते. तिचे नाव ‘फेरिया दे आब्रिल’, एप्रिलची जत्रा. १८४७ मध्ये ती सुरू झाली ती गुराढोरांचा बाजार म्हणून, आणि गंमत अशी की तिची कल्पना मांडणारे दोघेही बाहेरगावचे: इबार्रा हे बास्क आणि बोनाप्लाता हे कातालान. आता तेथे गुरे नाहीत. आहेत ते हजाराहून अधिक तंबू, त्यांना ‘कासेता’ म्हणतात. पहिल्या रात्री बारा वाजता हजारो दिवे एकदम पेटतात. रस्त्यांवरून कागदी कंदिलांच्या रांगाच रांगा झुलत असतात. आपल्या आकाशकंदिलांची आठवण व्हावी असेच ते दृश्य.

या जत्रेचे पेय म्हणजे ‘रेबुहितो’. त्याची वाइन तांबडी नव्हे, फिकट गवती रंगाची. ग्वादाल्किविर नदी जेथे समुद्राला मिळते त्या सानलूकार दे बारामेदा या गावची ती ‘मान्सानिया’. (१५१९ मध्ये मॅगेलनची जहाजे पृथ्वीप्रदक्षिणेच्या त्या प्रसिद्ध सफरीवर याच गावाहून समुद्रात शिरली.) पिंपात असताना या वाइनवर यीस्टचा एक पांढरा पापुद्रा धरतो. स्पॅनिश त्याला ‘फ्लोर’, म्हणजे फूल म्हणतात. तो पापुद्रा वाइनला हवेपासून जपतो आणि तिला एक कोरडी, किंचित खारट चव देतो. मान्सानिया १५ टक्क्यांची, म्हणजे चांगलीच कडक. म्हणून अर्ध्या बाटलीत लिंबाच्या फसफसत्या पेयाचे दोन डबे, पुदिन्याची काडी आणि जगभर बर्फ. प्रमाण सुमारे एकास दोन. मद्यार्क साडेपाच टक्क्यांच्या आत येतो. ही युक्ती जत्रेत अलीकडची, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रूढ झालेली. पण नाचणाऱ्यांना सबंध रात्र पायांवर उभे राहायचे असते, आणि कडक मान्सानियाने ते जमले नसते, हे तिच्या लोकप्रियतेचे साधे कारण.

दोन जन्मकथा

या पेयांतल्या काहींचा जन्म थेट नोंदवला गेला आहे. वालेंसिया शहरात ‘सेर्वेसेरिया माद्रिद’ नावाच्या ठिकाणी काही बास्क प्रवासी नेहमी येत आणि ‘बिल्बाओचे पाणी’ मागत. म्हणजे घरातली सर्वांत उत्तम फेसाळ वाइन! १९५९ मध्ये एके दिवशी त्यांनी काही नवे मागितले. मालक कोन्स्तांते गिल म्हणाला, मग ‘वालेंसियाचे पाणी’ घ्या. ‘आग्वा दे वालेंसिया’ म्हणजे वालेंसियाच्या संत्र्यांचा रस, ‘कावा’ ही फेसाळ वाइन आणि थोडी जिन व व्होडका. नाव पाण्याचे, पण गुण पाण्याचा मुळीच नाही. या मंडळीत सर्वांत सावधपणे घ्यायचे पेय हेच.

दुसरी कथा उत्तरेची. १९७२ च्या ऑगस्टमध्ये बास्क किनाऱ्यावरच्या आल्गोर्ता गावातल्या तरुणांच्या एका टोळक्याने उत्सवासाठी दोन हजार लिटर वाइन विकत घेतली. ती निघाली बिघडलेली! पैसे गेलेले, उत्सव तोंडावर. शेवटी त्यांनी तिच्यात निम्मा कोला ओतला आणि लोकांनी आवडीने प्यायला. दोघा मित्रांच्या टोपणनावांतून ‘कालिमोचो’ हे नाव जुळवले, असे सांगतात. बिघडलेल्या वाइनविषयी मी वर जे म्हटले त्याला हा एवढा एकच सन्माननीय अपवाद, आणि तोही घरी गिरवण्याजोगा नव्हे.

जग मधोमध असावा

आता मुद्द्याची गोष्ट. या साऱ्या पेयांत एक समान धागा आहे. ती एकट्याने पिण्याची पेये नव्हेत. सांग्रिया पेल्यात होत नाही, जगात होते. ला रियोहाच्या कालाओरा गावी उत्सवाच्या दिवसांत निरनिराळी मंडळे ‘सुराकापोते’ नावाचे वाइन, साखर, दालचिनी आणि लिंबाचे पेय मोठ्या प्रमाणात मुरवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट वाटतात. कातालोनियात ‘पोरोन’ नावाचे लांब चोचीचे काचेचे भांडे असते. ते हात लांब करून उंच धरायचे आणि धार थेट तोंडात सोडायची. चोचीला ओठ लागता कामा नये. एकच भांडे सबंध टेबलाभोवती फिरते आणि कोणाचे उष्टे कोणाला होत नाही. तांब्याने वरून पाणी पिणाऱ्या आपल्या आज्यांनी त्या कातालान शेतकऱ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते!

भांडे मधोमध असले की आणखी एक गोष्ट आपोआप घडते. कोण किती घेतो आहे ते सर्वांना दिसते. आजीच्या डोळ्यांदेखत नातू चौथा पेला भरीत नाही. बाजूला पाण्याचा जग आणि खाण्याची ताटली असते. संयमाचे व्याख्यान कोणी देत नाही. ते टेबलच देते.

टेबल काढून घेतले की तेच पेय किती बदलते, हे स्पेननेही पाहिले आहे. १९९० नंतरच्या काळात तेथील तरुणांचे घोळके स्वस्त मद्य आणि कोला प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणून रात्री चौकाचौकांत पीत बसू लागले. त्याला ‘बोतेयोन’, म्हणजे ‘मोठी बाटली’ असे नाव पडले. कचरा, गोंगाट आणि रुग्णालयाच्या वाऱ्या यांनी नगरपालिका त्रासल्या आणि ठिकठिकाणी बंदीचे नियम निघाले. कृती जुनीच, पण आजी, ताटली आणि पाण्याचा जग हे तीन घटक गळलेले!

दुसऱ्या बाजूने बाजाराने सांग्रियाची वेगळी दुर्दशा केली. १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनात अमेरिकनांनी सांग्रिया चाखली आणि तिचे नाव जगभर झाले. मग समुद्रकिनाऱ्यांवर तयार सांग्रियाच्या गोडमिट्ट, रंगीत जगांचा सुकाळ झाला. अखेर युरोपीय संघाने २०१४ च्या नियमाने ठरवून टाकले की विक्रीच्या मालाला नुसते ‘सांग्रिया’ हे नाव स्पेन आणि पोर्तुगाल या दोनच देशांत तयार झालेल्या पेयाला द्यावे, मद्यार्क साडेचार टक्क्यांहून कमी नसावा आणि बारा टक्क्यांच्या आत असावा, आणि वरून रंग घालू नये. नाव वाचले, ही चांगली गोष्ट. पण मुरवण्याचे तीन-चार तास आणि मधोमध ठेवलेला जग, यांना कोणता कायदा वाचवणार?

न पिणाऱ्याचा पेला

शेवटी एक पदार्थ मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांना तोच उपयोगी पडेल. स्पेनच्या उपाहारगृहांत ‘मोस्तो’ मिळतो. मोस्तो म्हणजे द्राक्षांचा न आंबवलेला रस. त्यात मद्यार्क नाही. लहान मुले, गाडी चालवणारे, व्रतस्थ आणि नुसतीच इच्छा नसलेले, हे सारे तो मागवतात. तो वाइनसारख्याच पेल्यात येतो, त्यात बर्फ आणि संत्र्याची चकती असते, सोबत ऑलिव्ह येते. ‘तुम्ही घेत नाही का?’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सांग्रियाच्या कृतीत वाइनच्या जागी काळ्या द्राक्षांचा रस घातला, साखर पूर्ण वगळली आणि एका लिंबाऐवजी दोन लिंबे पिळली की न पिणाऱ्यांचा जग तयार होतो. दालचिनी आणि फळे तशीच, मुरवणेही तसेच. दोन जग शेजारी ठेवायचे तर दोन निराळ्या रंगांच्या द्राक्षांचे करावे, म्हणजे मुलांच्या हाती चुकीचा पेला जाणार नाही.

आपल्याकडे मद्याचा विषय आजवर पडद्याआड राहिला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आपल्याला ‘परमिट रूम’ हा खास शब्द दिला. आपल्या मित्रमंडळींनी तर एका साध्या मराठी क्रियापदाला नवाच अर्थ चिकटवला: ‘आज बसायचे का?’ काय घेऊन बसायचे ते बोलायचे नाही, घरी सांगायचे नाही, आणि बसायचे ते बहुधा घराबाहेर, मंद दिव्याखाली, फक्त पुरुषांनी.

स्पॅनिश भाषेतही बसण्यासाठी एक सुरेख शब्द आहे: ‘सोब्रेमेसा’. जेवण संपल्यावर कोणीही न उठता टेबलाभोवती रेंगाळत गप्पा मारण्याचा जो वेळ, त्याला हे नाव. ताटे उचललेली असतात, जगात बर्फ वितळून गेलेला असतो, तळाशी संत्र्याच्या फिकट चकत्या उरलेल्या असतात आणि मुले त्यांतली फळे मागू लागली तर त्यांना मोस्तोच्या जगातली मिळतात. आत्याबाई जुन्या लग्नाची गोष्ट पुन्हा एकदा सांगत असते. त्या वेळी कोणाच्या पेल्यात काय होते याला फारसे महत्त्व उरत नाही. महत्त्व असते ते कोणीही अजून उठलेले नाही, याला.

पेय कोणतेही असो, वाइनचे, द्राक्षरसाचे वा आपल्या कोकमाचे. ते जगात करावे, बेताचे करावे, मधोमध ठेवावे. ‘बसणे’ या आपल्या क्रियापदाला त्याचा मूळचा, घरंदाज अर्थ परत मिळाला, तर त्या तांबड्या जगाचे आपल्यावरही उपकार झाले असे म्हणता येईल.